तारीख लिहिली होती, तरी चुकली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इचलकरंजीत मी सहा यंत्रमाग कारखान्यांचे हिशेब लिहिते. गेल्या वर्षी त्यांतल्या एकाचा टीडीएस (पैसे देताना कापून सरकारकडे भरायचा कर) 7 तारखेऐवजी 8 तारखेला भरला गेला. व्याज दरमहा दीड टक्का, तेही रक्कम कापल्या दिवसापासून, आणि अपुरा महिनाही पूर्ण धरतात. एका दिवसाच्या उशिरापायी दोन महिन्यांचं व्याज पडलं. मालक एका शब्दानं बोलले नाहीत, पण मला रात्री झोप लागली नाही. कारण तारीख मी थंडरबर्ड या ईमेलच्या प्रोग्रामातल्या कॅलेंडरात लिहून ठेवली होती.

ती लिहिली होती ‘इव्हेंट’ म्हणून. सकाळी आठवण आली तेव्हा हातात मजुरीचा तक्ता होता. मी ती खिडकी बंद केली. दिवस सरला तशी नोंदही मागे पडली. तीच ‘टास्क’ म्हणून लिहिली असती, तर काम झाल्याची खूण करेपर्यंत यादीत लाल होऊन समोर राहिली असती. लग्न किंवा बैठक ठरल्या वेळी होऊन जाते, तिला इव्हेंट ठीक. भरणा आपण केला तरच होतो.

आता 7 चा टीडीएस, 11 चं जीएसटीआर-1 (विक्रीचं जीएसटी विवरणपत्र), 15 चा पीएफ, 20 चं 3बी (जीएसटी भरण्याचं विवरणपत्र), सगळं दरमहा आपोआप येणारं टास्क आहे. आठवण तीन दिवस आधीची, कारण ओटीपीसाठी मालक सापडावे लागतात. मार्चच्या टीडीएसची मुदत 30 एप्रिल असते; तेवढी एक नोंद हातानं बदलते. मालकाचा ईमेल आला की त्यावर राइट क्लिक करून त्याचंच टास्क करते, म्हणजे मजकूर पुन्हा टाइप करावा लागत नाही.

आपल्या पत्रामार्फत व्यापारी संघटनांना आणि करसल्लागारांना विनंती आहे. मुदतींचा तक्ता आपण व्हॉट्सअ‍ॅपवर चित्र म्हणून पाठवता. ते चित्र कॅलेंडरात घेता येत नाही. एकेक तारीख टाइप करावी लागते आणि तिथंच चूक होते. सोबत .आयसीएस फाइल, म्हणजे कॅलेंडरात थेट घेता येणारी फाइल, पाठवावी. हा 1998 पासूनचा खुला नमुना आहे, टास्कची वेगळी सोय त्यात पहिल्यापासून आहे. मुदतवाढ मिळाली तर त्याच दिवशी नवी फाइल द्यावी.

आपली,
एक हिशेबनीस, इचलकरंजी