भरपाई मिळाली मालकांना

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अमेरिकेच्या स्वातंत्र्याला 250 वर्षे झाल्याच्या निमित्ताने आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख आवडीने वाचला. वॉशिंग्टन आले, जेफरसन आले, यॉर्कटाउनची लढाईही आली. गुलामीतून सुटलेले शिपाई जिच्यात लढले, त्या ऱ्होड आयलंड राज्याच्या पहिल्या पलटणीचा मात्र शब्दानेही उल्लेख नाही. मनाला लागले, म्हणून हे पत्र.

1778 चा फेब्रुवारी. तिथले न्यूपोर्ट बंदर इंग्रजांच्या ताब्यात जाऊन वर्ष उलटले होते आणि चिमुकल्या ऱ्होड आयलंडला पलटणीत भरायला माणसे मिळेनात. तेव्हा तिथल्या विधिमंडळाने ठराव केला : जो धडधाकट गुलाम, मग तो आफ्रिकी वंशाचा असो की तिथला आदिवासी, कर्नल ख्रिस्तोफर ग्रीन यांच्यापुढे भरतीत पास होईल, तो त्या क्षणापासून स्वतंत्र. त्याने लढाई संपेपर्यंत लढायचे. आणि भरपाई? ती मालकाला, जास्तीत जास्त 120 पौंड. जनरल वॉशिंग्टन यांच्या याच सैन्यात 1775 मध्ये काळ्या माणसाला घेऊ नका असा हुकूम होता, हे ध्यानात घ्यावे. हा ठराव म्हणजे राज्याचे औदार्य, असे कुणी लिहिले की मला पटत नाही. ती नड होती. जूनमध्ये भरतीचे दार पुन्हा लावूनही घेतले. अवघे चार महिने ते उघडे होते!

तेवढ्यात जे आत शिरले, त्यांनी काय केले पाहा. 29 ऑगस्टला अमेरिकी फौज न्यूपोर्टचा वेढा उठवून माघार घेत असताना, इंग्रजांनी जर्मनीतून आणलेले कसलेले हेसियन शिपाई या पलटणीवर तीनदा चालून आले. तिन्ही वेळा या नवशिक्यांनी त्यांना परतवले. 1781 च्या मे महिन्यात न्यूयॉर्क राज्यातल्या क्रोटन नदीकाठी पलटणीवर इंग्रजांच्या बाजूचा छापा पडला, त्यात खुद्द ग्रीन आणि त्यांचे अनेक काळे शिपाई मारले गेले. तरी त्याच उन्हाळ्यात फोन क्लोझेन या, अमेरिकेच्या मदतीला आलेल्या फ्रेंच सैन्यातल्या अधिकाऱ्याने लिहून ठेवले आहे की, सगळ्या अमेरिकी फौजेत टापटीप आणि कवायत हिच्यासारखी दुसऱ्या कुठल्या पलटणीची नाही.

जोतीरावांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, हे आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक असते. त्या मुक्तीच्या कितीतरी आधी काही गुलामांनी स्वतःच्या रक्ताने आपली सुटका मिळवली होती, हेही वाचकांपुढे यायला हवे.

1783 च्या जूनमध्ये पलटण मोडली आणि माणसे घरोघर पांगली. पुढे 1818 मध्ये गरीब सैनिकांसाठी पेन्शन आली, पण 1820 पासून ती हवी असेल तर घरातली चीजवस्तू शपथेवर लिहून द्यावी लागे. लढलेल्या म्हाताऱ्याने आपले दारिद्र्य असे मोजून दाखवायचे, हे वाचताना मला फार त्रास झाला.

द व्हर्जे नावाच्या तरुण फ्रेंच अधिकाऱ्याने 1781 मध्ये अमेरिकी शिपायांचे एक जलरंगचित्र काढले. चौघे जण ओळीने उभे आहेत. डावीकडचा पहिला या पलटणीचा : काळा, अंगात पांढरा पोशाख, हातात बंदूक. त्याचे नाव लिहिलेले नाही. चित्र ब्राउन विद्यापीठाच्या संग्रहात आहे. पुढच्या पुरवणीत ते छापता आले तर जरूर छापावे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सातारा