उन्हात तापलेली ट्यूब आणि मला मिळालेली उत्तरे : तक्रार पत्र

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग
तसेच मा. प्रमुख, औषध सुरक्षा विभाग

दिनांक : २७ मे

विषय : हिरव्या चहाच्या अर्काच्या १५ टक्के मलमाची उष्णतेने बिघडलेली ट्यूब घरपोच पाठवणे, ती बदलून न देणे आणि हेल्पलाइनवर झालेला माझा अपमान यांबाबत.

महोदय,

आज दुपारी आपल्या हेल्पलाइनवरील प्रतिनिधीने ‘वरिष्ठांना कळवतो’ असे मला पाचव्यांदा सांगितले आणि माझे बोलणे पुरे होण्याआधीच फोन ठेवला. यापुढे मी फोन करणार नाही. जे सांगायचे आहे ते सगळे येथे लिहून देत आहे.

मलम कशाचे आहे हे आपल्याला सांगण्याची गरज नाही. पण ते कशासाठी आहे हे मी स्पष्ट लिहिते, कारण आपल्याच माणसांना तो शब्द उच्चारणे जड गेले. जननेंद्रियाच्या बाहेरच्या त्वचेवर आलेल्या चामखिळींसाठी चिपळूणच्या त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरांनी मला हे मलम एप्रिलमध्ये चिठ्ठीवर लिहून दिले. द्रवरूप नायट्रोजनने चामखिळी गोठवणे, विजेच्या उपकरणाने जाळणे आणि दवाखान्यातच लावून काही तासांनी धुवायचा पोडोफायलिनचा लेप हे पर्यायही त्यांनी समजावून सांगितले होते. मी दापोली तालुक्यात राहते आणि मच्छीमार सोसायटीत हिशेब लिहिते. दर आठवड्याला चिपळूणला जायचे म्हणजे एक दिवसाची रजा आणि एक दिवसाचा पगार जातो. म्हणून घरी स्वतः लावता येणारे हे मलम मी निवडले. दिवसातून तीन वेळा, अर्ध्या सेंटीमीटरची वळी बोटावर घेऊन, चामखीळ पूर्ण झाकली जाईल इतका पातळ थर द्यायचा, आधी आणि नंतर हात धुवायचे, थर पुसायचा नाही, आतल्या भागात किंवा जखमेवर लावायचे नाही, वर पट्टी बांधायची नाही आणि चामखिळी पूर्ण जाईपर्यंत, पण १६ आठवड्यांपेक्षा जास्त नाही, असे लावत राहायचे, हे सगळे मी आजपर्यंत तंतोतंत पाळले आहे.

पहिली १५ ग्रॅमची ट्यूब मी चिपळुणातल्या औषधांच्या दुकानातून घेतली. दुकानदाराने ती फ्रिजमधून काढली, बर्फाच्या पिशवीसोबत गुंडाळून दिली आणि घरी पोहोचताच फ्रिजमध्ये ठेवायला बजावले. ते मलम तपकिरी, मऊ आणि एकजीव होते. दुसऱ्या आठवड्यात लाली आली, खाज सुटली, थोडी जळजळ झाली, पण डॉक्टरांनी ते आधीच सांगून ठेवलेले असल्यामुळे मी घाबरले नाही. कपड्यांवर डाग पडतात हेही माहीत होते, म्हणून जुने सुती कपडे वेगळे काढून ठेवले होते. आपल्या औषधाबद्दल माझी तक्रार नाही, हे मला आवर्जून नोंदवायचे आहे. दोन चामखिळी लहान होत असलेल्या मी स्वतः पाहिल्या होत्या, आणि त्या दिवशी मला किती हायसे वाटले होते हे आपल्या हेल्पलाइनवरच्या माणसांना कळावे असे मला फार वाटते.

ती ट्यूब तीन आठवड्यांत संपत आली. चिपळूणच्या दुकानात नवा माल आलेला नव्हता, म्हणून ८ मे रोजी डॉक्टरांची चिठ्ठी जोडून मी आपल्याच कंपनीच्या घरपोच सेवेकडे दुसरी ट्यूब मागवली. ती १४ मे रोजी आली. मे महिन्यातले सहा दिवस ती वाटेत होती, आणि पाकिटात बर्फाची पिशवी नव्हती, थर्मोकोल नव्हता, साधे जाड पुठ्ठ्याचे खोकेसुद्धा नव्हते. प्लास्टिकच्या पातळ पाकिटात ट्यूबची डबी तेवढी होती. आम्ही नवरा-बायको दोघेही कामावर असल्यामुळे कुरिअरवाल्याने ते पाकीट वाडीतल्या किराणा दुकानाच्या ओट्यावर ठेवले आणि मी संध्याकाळी घेईपर्यंत ते पश्चिमेच्या उन्हात पडून होते. त्या पाकिटावर माझ्या नावाखाली मोठ्या अक्षरांत औषधाचे नाव आणि त्याच्याही खाली ते कशावरचे आहे तेही छापलेले होते. आमची वाडी पंचवीस-तीस घरांची आहे. दुकानात दिवसभरात कोण कोण येऊन गेले असेल, याचा विचार मी आजही करते.

ट्यूबचे झाकण उघडताच आधी पिवळसर तेल ओघळले आणि मग दाबून दाबून दाणेदार, काळपट गोळा बाहेर आला. आपल्याच माहितीपत्रकात लिहिले आहे की रुग्णाच्या हाती देईपर्यंत हे मलम २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचे आणि त्यानंतर फ्रिजमध्ये किंवा जास्तीत जास्त २५ अंशांपर्यंत. मे महिन्यात आमच्याकडे पहाटेसुद्धा तापमान २५ अंशांखाली क्वचितच उतरते. सोसायटीच्या वहीत मी रोज बर्फाच्या लाद्यांची नोंद करते. हर्णै बंदरात लिलावाला येणारी साधी बांगड्यांची पाटीसुद्धा बर्फाशिवाय गाडीत चढत नाही, कारण दोन तास उशीर झाला तर माल फुकट जातो हे तिथल्या प्रत्येक माणसाला कळते. औषध बनवणाऱ्या कंपनीला ते कळत नसेल, हे मला पटत नाही. आपल्याला ते कळते, आणि तरीही ट्यूब बर्फाशिवाय पाठवली गेली, ही माझी पहिली तक्रार आहे.

आता १९ मे रोजीच्या फोनबद्दल लिहिते. हे पत्र मुख्यतः त्यासाठी आहे.

सकाळी साडेदहाला मी सोसायटीच्या मागच्या बाजूला, बोटी ओढून ठेवतात तिथे, एकटी उभी राहून फोन लावला. माझे प्रश्न दोनच होते. ही ट्यूब वापरायची की नाही, आणि वापरायची नसेल तर बदली ट्यूब केव्हा मिळेल, कारण उपचार मध्येच थांबला होता. आधी एक मुलगा हिंदीत बोलला. मी मराठीत बोलणाऱ्या माणसाकडे फोन द्यायला सांगितल्यावर दुसरे गृहस्थ आले. त्यांनी ऑर्डर क्रमांक घेतला आणि विचारले, “कुठे लावता मलम?” मी डॉक्टरांनी चिठ्ठीत लिहिलेले शब्द जसेच्या तसे सांगितले. पलीकडे काही क्षण शांतता होती. मग हात ठेवून फोन झाकल्यासारखा आवाज आला आणि कोणीतरी हसले. ते हसणे मी स्पष्ट ऐकले आहे. त्यानंतर ते गृहस्थ म्हणाले, “मॅडम, मिस्टर आहेत का जवळपास? त्यांना द्या ना फोन. असल्या विषयावर बाईमाणसाशी बोलायला बरं नाही वाटत.” मी म्हटले, रुग्ण मी आहे, चिठ्ठीवर नाव माझे आहे, पैसे माझ्या खात्यातून गेले आहेत, तेव्हा माझ्याशीच बोला. त्यावर ते म्हणाले, “मग ताई, हे कशानं होतं ते तुम्हाला माहीतच असेल.”

हे वाक्य त्यांनी कोणत्या सुरात उच्चारले ते कागदावर उतरवता येत नाही, म्हणून आपण ध्वनिमुद्रण ऐकावे अशी माझी मागणी आहे. ‘हा कॉल रेकॉर्ड होत आहे’ असे प्रत्येक फोनच्या सुरुवातीला आपणच ऐकवता.

हे कशाने होते ते मला माहीत आहे, आणि त्यांना ते माहीत असायला हवे होते. ह्युमन पॅपिलोमा विषाणूच्या, बहुतेक वेळा ६ आणि ११ या प्रकारांच्या, संसर्गाने या चामखिळी येतात. विषाणू शरीरात शिरल्यावर चामखीळ दिसायला कधी काही आठवडे, कधी कित्येक महिने, तर कधी वर्षेही लागतात, आणि तो कोणाकडून केव्हा आला हे बहुतेक वेळा कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. हे माझ्या डॉक्टरांनी मला आणि माझ्या यजमानांना समोर बसवून सांगितले, तेव्हा आमच्या घरावरचे ओझे उतरले. जे डॉक्टरांनी अर्ध्या तासात निस्तरले, ते आपल्या माणसाने एका वाक्यात पुन्हा माझ्या डोक्यावर ठेवले. या आजाराचे औषध विकणाऱ्या कंपनीच्या हेल्पलाइनवर आजार झालेल्या बाईच्या चारित्र्याची चौकशी व्हावी, याचा मला अतिशय संताप आला आहे आणि तो मी लपवत नाही.

त्याच फोनवर मलमाबद्दल मिळालेले उत्तर असे होते : “चहाचाच तर अर्क आहे ताई, चहापत्ती काय उन्हानं खराब होते? आयुर्वेदिकच समजा. लावा बिनधास्त, आणि आग झाली तर वर खोबरेल चोपडा.” महोदय, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न मिळणाऱ्या औषधाबद्दल हे उत्तर आपल्या कंपनीने दिले आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑक्टोबर २००६ मध्ये या अर्काच्या मलमाला मान्यता दिली ती रुग्णांवरच्या चाचण्या पाहून, चहा पिण्यालायक असतो म्हणून नव्हे. त्यातली कॅटेचिने, म्हणजे हिरव्या चहातली मुख्य द्रव्ये, त्वचेची आग करू शकतात, सूज आणू शकतात, कातडी सोलवटू शकतात, हे आपणच छापता. पोडोफायलिनही हिमालयातल्या वनस्पतीच्या मुळांतूनच येते आणि ते गरोदर बाईला लावत नाहीत. डबीवर ‘वनस्पतीजन्य’ हा शब्द ठळक छापायचा आणि तोच शब्द पुढे करून रुग्णाची शंका उडवून लावायची, हे चुकीचे आहे.

शिवाय त्या चाचण्यांत हे मलम लावलेल्यांपैकी सुमारे ५४ टक्के रुग्णांच्या चामखिळी पूर्ण गेल्या, आणि औषधाविना नुसते मलमाचे आधारद्रव्य लावलेल्यांपैकी सुमारे ३५ टक्के रुग्णांच्या. म्हणजे उत्तम स्थितीतल्या ट्यूबनेही जवळजवळ निम्म्या रुग्णांना पूर्ण गुण येत नाही. अशा वेळी मी तापलेले मलम लावत राहिले आणि १६ आठवड्यांनंतरही चामखिळी राहिल्या, तर औषध मला लागू पडले नाही की औषध वाटेतच निकामी झाले होते, हे कोण सांगणार? त्या उत्तरावर माझा पुढचा उपचार ठरणार आहे. कदाचित मला जाळण्याचा उपचार घ्यावा लागेल, आणि तो ट्यूब बर्फाशिवाय पाठवली गेल्यामुळे घ्यावा लागला की काय, हे मला कधीच कळणार नाही.

डॉक्टरांनी फोटो पाहून ही ट्यूब न वापरण्यास सांगितले आहे. तेरा दिवस उपचार बंद आहे. दोन लहान झालेल्या चामखिळींपैकी एक पुन्हा वाढल्यासारखी दिसते.

१९ तारखेनंतर मी २१, २३ आणि २४ मे रोजी आणि आज फोन केले. एकाने ‘मलमाचा रंग असाच असतो’ असे सांगितले. एकीने फोटो पाठवायला सांगितले, ते मी त्याच दिवशी पाठवले, आणि पुढच्या फोनवर ‘फोटो दिसत नाहीत’ असे कळले. आजच्या प्रतिनिधीने पुन्हा एकदा विचारले की घरात दुसरे कोणी बोलायला आहे का. पुन्हा तोच प्रश्न. माझ्या आजाराबद्दल माझ्याशी बोलायला आपली माणसे इतकी का बिचकतात, हे मला समजत नाही. चिपळूणच्या डॉक्टर बिचकल्या नाहीत, दुकानदार बिचकला नाही, माझे यजमानही बिचकले नाहीत.

हे पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत मला थंड वेष्टनातून, पाकिटावर आजाराचा उल्लेख न करता, नवी ट्यूब मिळावी. ती पाठवण्याची सोय नसेल तर पूर्ण पैसे परत करावेत आणि चिपळूणच्या दुकानात माल केव्हा येईल ते कळवावे. १९ मे रोजीच्या संभाषणाबद्दल लेखी माफी हवी आहे, आणि ती ‘गैरसोयीबद्दल दिलगीर’ या छापील वाक्यात नको. काय बोलले गेले आणि ते का चुकीचे होते, हे तीत लिहिलेले असावे. बिघडलेली ट्यूब मी फ्रिजमध्ये वेगळी ठेवली आहे. तपासणीसाठी ती नेण्याची व्यवस्था करावी, पण ती नेताना मला लेखी पोच द्यावी.

तसे न झाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ नुसार माझ्याच जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगापुढे तक्रार दाखल करण्याचा हक्क मला आहे आणि तो मी वापरणार आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मी आजच नोंद केली आहे. आपल्या राज्याच्या अन्न व औषध प्रशासनालाही फोटोंसह कळवणार आहे. आयोगापुढे माझा आजार उघड होईल, तेव्हा ही बाई पुढे येणार नाही, असे आपल्या विधी विभागाला वाटत असेल, तर तो पाकिटावरच्या छपाईने वाडीत आधीच उघड झालेला आहे. मला आता मागे घेण्यासारखे काही उरलेले नाही.

ऑर्डरची पावती, चिठ्ठीची प्रत, पाकिटाचे आणि ट्यूबचे फोटो सोबत जोडले आहेत. माझे नाव, पत्ता आणि फोन क्रमांक पावतीवर आहे. बंदरातला हंगाम ३१ मे रोजी संपतो, तोपर्यंत मी संध्याकाळी सहानंतर आणि त्यापुढे दिवसभर फोनवर उपलब्ध आहे. आपल्याकडून फोन आल्यास बोलणाऱ्या व्यक्तीने आधी हे पत्र पूर्ण वाचलेले असावे, आणि फोन माझ्या यजमानांनी उचलला तर त्यांच्याशी न बोलता तो मला देण्यास सांगावे.

आपली ग्राहक
(नाव पावतीप्रमाणे)
दापोली तालुका, जि. रत्नागिरी