परत आलेल्या पुस्तकांचे टेबल

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

ठाणे शहरातील ज्या सार्वजनिक ग्रंथालयाचा मी अनेक वर्षांचा सभासद आहे, तेथे देवघेवीच्या खिडकीलगत एक लांब लाकडी टेबल असे. सभासदांनी परत केलेली पुस्तके पुन्हा कपाटात जाण्यापूर्वी एक-दोन दिवस त्या टेबलावर पडून असत आणि कोणीही ती उलटीसुलटी करून पाहू शके. ग्रंथालयाचे नूतनीकरण झाले तेव्हा ते टेबल तेथून हलवण्यात आले. आता संगणकावर पुस्तकाचे नाव शोधायचे, दाखल क्रमांक चिठ्ठीवर लिहून द्यायचा आणि कर्मचाऱ्याने आतून पुस्तक आणून देईपर्यंत थांबायचे, अशी पद्धत आहे. ही व्यवस्था नीटनेटकी आहे आणि ती करणाऱ्यांच्या हेतूविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु ज्या पुस्तकाचे नावच ठाऊक नाही ते मागायचे कसे, हा प्रश्न ते टेबल हलल्याबरोबर आमच्यापुढे येऊन उभा राहिला आहे, म्हणून हे पत्र.

मी वागळे इस्टेटमधील एका कारखान्यात 34 वर्षे लेथवर काम केले. शिक्षण आयटीआयपर्यंत. पहिली पाळी सुटली की घरी कळव्याला जाण्यापूर्वी ग्रंथालयात डोकवायचे, हा शिरस्ता होता, आणि सुरुवातीची सात-आठ वर्षे मी ऐतिहासिक कादंबरीखेरीज दुसरे काही घरी नेले नाही. एके दिवशी हवी असलेली कादंबरी दुसऱ्या सभासदाकडे होती. गाडीची वेळ झाली होती, म्हणून टेबलावरचे हाताला लागले ते पुस्तक नोंदवून निघालो. ते कोकण किनाऱ्यावरील मासेमारीविषयी होते. जाळ्यांचे प्रकार, कोणता मासा कोणत्या महिन्यात मिळतो, अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येणारे उधाण, म्हणजे मोठी भरती, आणि अष्टमीच्या सुमारास येणारा भांग, म्हणजे लहान भरती, यांत पाणी किती कमी-जास्त चढते, हे सारे त्यात होते. कळव्याच्या पुलावरून मी रोज दोन वेळा खाडी ओलांडत होतो. पण पाणी कधी पुलाच्या खांबांना चढलेले, तर कधी चिखल उघडा पडलेला का दिसतो, याचा विचार त्या दिवसापर्यंत माझ्या मनात आला नव्हता. पुढचे कित्येक महिने गाडीत खिडकीशी जागा मिळाली की मी तिथी आठवून पाण्याकडे पाहत असे.

त्यानंतर टेबल हीच माझी यादी झाली. सर्पदंशावर एका डॉक्टरांनी लिहिलेले पुस्तक, तुरुंगात लिहिलेल्या आठवणी, गावकुसाबाहेरच्या एका स्त्रीचे आत्मकथन, कन्नडमधून अनुवादित झालेली कादंबरी, पोवाड्यांचा संग्रह, रागसंगीतावरील निबंध, लहान मुलांसाठी लिहिलेली खगोलशास्त्राची पुस्तिका, हे सारे मला त्या टेबलानेच दिले. नाग आणि मण्यार यांचे विष मज्जासंस्थेवर आघात करते, तर घोणस आणि फुरसे यांचे विष प्रामुख्याने रक्तावर, ही माहिती मी त्या डॉक्टरांच्या पुस्तकातून वहीत उतरवून घेतली आणि गावी जाताना ती वही सोबत नेली. आत्मकथनाने तर मला माझ्याच खात्यातील सहकाऱ्यांशी वेगळ्या रीतीने बोलायला शिकवले. यांपैकी एकही पुस्तक मी आपण होऊन मागितले नसते. रागसंगीताचे पुस्तक मला फारसे कळले नाही, हेही प्रामाणिकपणे नमूद करतो. मात्र ते परत करताना शेजारच्या ढिगात पोवाडे दिसले आणि ते मनापासून आवडले.

पुस्तकांचे वर्गीकरण आवश्यक आहे, त्याला माझा मुळीच विरोध नाही. मेल्विल ड्युई यांनी 1876 मध्ये मांडलेली, प्रत्येक विषयाला क्रमांक देणारी दशांश पद्धत आजही अनेक ग्रंथालये वापरतात आणि तिच्याविना हजारो पुस्तकांतून एक पुस्तक शोधणे अशक्य होईल. परंतु वर्गीकरण एका जागी जे आणते, तेच दुसऱ्या बाजूने दूर नेते. उदाहरणार्थ, पाऊस हा विषय घ्या. हवामानशास्त्र 551 मध्ये, शेती 630 मध्ये, पावसाची लोकगीते 398 मध्ये आणि मराठी कविता 891.46 च्या पोटात. चार निरनिराळी कपाटे, अनेकदा दोन निरनिराळे मजले. टेबलावर मात्र ही चारही पुस्तके एकमेकांना टेकून बसलेली असतात, कारण तेथे त्यांना विषयाने नव्हे तर आपल्याच शहरातल्या चार वाचकांनी एकत्र आणलेले असते. पूर्वी पुस्तकाच्या अखेरच्या पानावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर परतीच्या तारखांचे शिक्के असत. बारा वर्षे कोणी हात न लावलेले पुस्तक अचानक एका महिन्यात तिघांनी नेलेले दिसले की आपणही ते नेऊन पाहावे असे वाटे.

मराठी वाचकाला अशी सरमिसळ नवीन नाही. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपण फराळाच्या ताटाशेजारी कथा, कविता, प्रवासवर्णन, वैचारिक लेख, व्यंगचित्रे आणि राशिभविष्य एकाच मुखपृष्ठाआड वाचत आलो आहोत. कथेसाठी अंक उघडणारा वाचक पाने चाळताना शेतीवरील लेखापाशी थांबतो, ही आपल्या घराघरांतील नित्याची गोष्ट आहे. जी सवय अंकाने लावली, ती पुस्तकांच्या बाबतीत टेबल जोपासत होते.

पुस्तकांच्या शिफारशी आता मोबाइलवर मिळतात, मग टेबल कशाला, असे एका तरुण सभासदाने मला विचारले. त्याचे म्हणणे मी नीट ऐकून घेतले आणि त्याच्याच मोबाइलवर आम्ही दोघांनी पाहिले. त्याने गेल्या वर्षी दोन रहस्यकथा घेतल्या होत्या; समोर आल्या त्या आणखी रहस्यकथा. माझ्या ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या काळात मला असे यंत्र मिळाले असते, तर मी आयुष्यभर तलवारींच्या खणखणाटातच राहिलो असतो, खाडीकडे माझे लक्ष कधी गेलेच नसते.

ग्रंथपालांच्या अडचणी मी जाणतो. पुस्तके उघड्यावर ठेवली की काही गहाळ होतात, काहींची पाने फाटतात आणि क्रम बिघडतो. अनुदानावर चालणाऱ्या ग्रंथालयांतील कर्मचाऱ्यांचा मोबदला इतका तुटपुंजा आहे की त्यांच्याकडून अधिक कामाची अपेक्षा करताना संकोच वाटतो. तरीही, ग्रंथालयशास्त्राचे आपल्याकडील आद्य आचार्य डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाच सूत्रांपैकी तिसरे सूत्र प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे असे आहे, आणि त्यासाठीच त्यांनी वाचकाला कपाटापर्यंत मोकळेपणाने जाऊ देण्याचा आग्रह धरला होता, याचे स्मरण व्यवस्थापनांना द्यावेसे वाटते. महाबळेश्वर तालुक्यातील भिलार येथे 2017 मध्ये सुरू झालेल्या पुस्तकांच्या गावात मी दोन दिवस राहून आलो. तेथे एका घरात कविता, दुसऱ्यात इतिहास, तिसऱ्यात बालसाहित्य अशी विभागणी आहे; पण दारे उघडी असल्यामुळे आणि एका घरातून दुसऱ्या घरात चालत जायचे असल्यामुळे माणूस आपोआप सगळ्या प्रकारांतून फिरून येतो. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या योजनेत निरनिराळ्या विषयांच्या पुस्तकांची पेटीच वाचकांच्या गटाकडे पोहोचते आणि काही महिन्यांनी पेट्यांची अदलाबदल होते.

ठाण्याकडून अशी अपेक्षा करणे गैर नाही. मराठी ग्रंथसंग्रहालय या शहरात 1893 मध्ये स्थापन झाले, ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिणारे वि. ल. भावे त्याच्या संस्थापकांपैकी एक होते, आणि अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही 2010 च्या डिसेंबरमध्ये येथे भरले होते. (माझे गाऱ्हाणे त्या संग्रहालयाविषयी नाही, गैरसमज होऊ नये म्हणून हे स्पष्ट करतो.) शहरातील आणि नवी मुंबईतील लहान-मोठ्या सर्वच ग्रंथालयांना माझी विनंती इतकीच आहे की परत आलेली पुस्तके निदान दोन दिवस वाचकांसमोर राहू द्यावीत. जेथे जागा नाही तेथे दाराजवळ एक फळी पुरेल. तिच्यावर ग्रंथपालांनी दर आठवड्याला वेगवेगळ्या कपाटांतून पुस्तके काढून ठेवावीत, आणि त्यांत ‘संकीर्ण’ अशी चिठ्ठी लावलेल्या कपाटाला आवर्जून वाटा द्यावा, कारण कोणत्याच रकान्यात न बसणारी फार चांगली पुस्तके तेथे धूळ खात असतात. बाल विभागाच्या सभासदांनाही या फळीवरचे पुस्तक नेण्याची मुभा असावी.

आमच्या ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळाला मी याच आशयाचा अर्ज दिला आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी सायंकाळी 5 ते 7 या वेळेत टेबलापाशी बसून पुस्तके मोजून घेण्याचे, फाटलेली पाने चिकटवण्याचे आणि रात्री ती क्रमाने कपाटात लावण्याचे काम मी विनामोबदला करीन, असे त्यात लिहून दिले आहे. आणखी दोन निवृत्त सभासदांनी त्यावर सह्या केल्या आहेत. टेबल नवे विकत घेण्याची गरज नाही. ते अजून जिन्याखाली जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांखाली उभे आहे आणि त्याचे चारही पाय मजबूत आहेत, हे मी गेल्या आठवड्यात स्वतः पाहून आलो.

आपला,
एक जुना सभासद,
कळवा, जि. ठाणे