दर सोमवारी वजन कोण बघतं?

संपादक महोदय,
स. न.

किरणोपचाराच्या नव्या मशीनची बातमी आपल्या अंकात वाचली. 'मिलिमीटरचीही चूक नाही' असं ठळक छापलंय. मशीन चांगलंच असेल. पण मिलिमीटर कुठे निसटतो ते मी घरात पाहिलंय.

मी 30 वर्षं ब्लाउज शिवते. आमच्या ह्यांना जिभेच्या कडेला कॅन्सर निघाला. खिशात कायम गुटख्याची पुडी, दुसरं काय सांगू! किरणोपचार, म्हणजे शेक (इथे इंदुरात सगळे सिकाईच म्हणतात), ठरला 35 दिवसांचा, एकूण 70 ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप), शनिवार-रविवार सुट्टी. आधी डोकं-मान हलू नये म्हणून मास्क. जाळीचं प्लॅस्टिक साधारण 70 डिग्रीच्या पाण्यात मऊ करून तोंडावर ओढलं, थोड्या वेळात कडक. तो घालूनच सीटी काढला. मग डॉक्टरांनी सीटीच्या एकेका कापावर गाठ, लाळग्रंथी, मज्जारज्जू रेखून घेतले. सगळा हिशेब त्या मापावर.

पुढे तोंड आतून सोलवटलं. पोहे सोडाच, पातळ खिचडीही झोंबायची. चौथ्या आठवड्यापर्यंत 8 किलो उतरले. रोज बाहेर आले की कपाळावर, गालांवर जाळीची नक्षी उमटलेली असायची. एक दिवस कपाळावर होती, गालांवर नाही. "आत मान हलते का हो?" "हलते जराशी." ऑपरेटरला सांगितलं तर म्हणाला, "चलता है माताजी." सैल फिटिंग चालतं हे शिंपिणीला शिकवतोय! त्यानंतर चार दिवस शेक त्याच मास्कमध्ये झाला.

शेवटी तिथल्या फिजिसिस्टना, म्हणजे किरणांचा हिशेब बघणाऱ्यांना, गाठलं. भला माणूस. स्क्रीनवर दाखवलं: गाठीभोवती 3 ते 5 मिलिमीटर जागा जास्तीची धरतात. आम्ही शिवणीत माया सोडतो ना, तशीच. मान त्याहून जास्त सरकली की माया संपली. शिवाय वजन उतरलं की कानापुढच्या लाळग्रंथी आक्रसून आत, गाठीच्या बाजूला सरकतात. त्यांना सरासरी 26 ग्रेच्या आत ठेवायचं, पण कागदावरची जागा एक आणि खरी दुसरीच. मग नवा मास्क, नवा सीटी, नवं प्लॅनिंग झालं.

लाळ कमी झाल्यानं तोंड कोरडं पडतं, ह्यांच्या उशाशी अजून रात्री पाण्याची बाटली लागते. त्या चार दिवसांमुळेच, असं मी म्हणत नाही. हा त्रास पुष्कळांना होतो. नवं प्लॅनिंगही प्रत्येकाला लागत नाही, हे कळतं मला. पण आठवड्यातून एकदा वजन करून आणि मास्क तपासून पेशंटच्या कार्डावर लिहायला काही कोटी लागत नाहीत. घरच्यांनीही रोज चेहऱ्यावरची नक्षी बघावी आणि 'चलता है' ऐकून गप्प बसू नये.

पुढच्या वेळी मशीनची किंमत छापाल तेव्हा तिथे दर सोमवारी वजन कोण बघतं, तेही विचारून छापा.

आपली,
एक वाचक, सुदामा नगर, इंदूर