मा. केंद्रीय क्रीडामंत्र्यांना खुले पत्र : अहमदाबादचा जलतरण तलाव पाहिला, आता आमचाही पाहा

मा. केंद्रीय क्रीडामंत्री,
सप्रेम नमस्कार.

२८ सप्टेंबर ते ११ ऑक्टोबर २०२५ या काळात अहमदाबादेत आशियाई जलतरण स्पर्धा झाली, भारतात पहिल्यांदाच. अहमदशहाने १४११ मध्ये राजधानी म्हणून वसवलेल्या शहराने नारणपुऱ्याच्या नव्या संकुलात ती नीट पार पाडली. आपला जलतरणपटू श्रीहरी नटराजने घरच्या पाण्यात पदकं मिळवली. मनापासून अभिनंदन.

आमच्या शहरातल्या महापालिकेच्या तलावाच्या फाटकावर मात्र ‘देखभालीसाठी पुढील सूचनेपर्यंत बंद’ असा कागद आहे. उन्हाळी शिबिरांआधी उघडू, असा शब्द दिला होता. शिबिरं गेली, कागद तसाच आहे.

तलाव बंद का पडतो, ते आम्ही सांगतो. ५० मीटर लांब, २५ मीटर रुंद, २ मीटर खोल टँकमध्ये २५ लाख लिटर पाणी असतं. सहा तासांत ते एकदा फिल्टरमधून फिरवायचं तर पंपाने तासाला चार लाख लिटरहून जास्त ओढायला हवं. वीजबिल वाचवायला हा फिल्टर प्लांट सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन तास चालवतात. म्हणजे दिवसभरात पाणी एकदाही पुरतं फिरत नाही. आणि पुरतं फिरलं तरी स्वच्छ पाणी मळक्यातच मिसळत असल्याने एका फेरीत साधारण ६३ टक्केच पाणी गाळलं जातं. बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टरची वाळू धुणं, टाळला की वाळूचे गोळे होतात आणि पाणी न गाळताच खाली उतरतं.

मग हिरवटपणा दिसला की बादलीने ब्लीचिंग पावडर. तिने पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्लतेचा आकडा, चढतो (आम्लता कमी होते). पीएच ७.५ असताना निम्मं क्लोरीन जंतू मारायच्या कामाचं असतं, ८ वर जेमतेम पाव. म्हणून आणखी पावडर. पोरांचे डोळे लाल होतात, खोकला लागतो, आणि पालकांना सांगितलं जातं की क्लोरीन जास्त झालंय. खरं तर तो उग्र वास घाम आणि लघवीशी जुळलेल्या क्लोरीनचा असतो, म्हणजे पाणी घाण असल्याचा. क्लोरीन आणि पीएच मोजायचं टेस्ट किट आणि पीएच खाली आणायला मोजून अ‍ॅसिड सोडणारा डोसिंग पंप यांनी हे थांबतं. दोन्ही गोष्टी निविदेत असतात, तलावावर सापडत नाहीत.

दुसरी गोष्ट जिवावरची आहे. शर्यतीत ज्यावरून सूर मारतात त्या स्टार्टिंग ब्लॉकखाली, भिंतीपासून १ ते ६ मीटरपर्यंत, किमान १.३५ मीटर खोली हवी असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. उथळ बाजूला चार फूट पाणी, म्हणजे १.२२ मीटर, आणि तिथेच ब्लॉक ठोकलेले तलाव आम्ही पाहतो. तिथून सूर मारणाऱ्या मुलाची मान मोडू शकते. तलावाला परवानगी देणाऱ्या कुणीच टेप लावून खोली मोजलेली नसते.

लांबीचंही तेच. पोहणाऱ्याचा हात लागताच वेळ नोंदवणारे भिंतीवरचे टच पॅड सेंटीमीटरभर जाड असतात, म्हणून टँक ५०.०२ मीटर बांधावा लागतो. बरोबर ५० बांधला की दोन्हीकडे पॅड लावल्यावर ४९.९८ उरतात, आणि नियमात कमी लांबीला सूट शून्य. कोट्यवधी खर्चून बांधलेल्या तलावातली वेळ अधिकृत धरता येत नाही, कारण नकाशा मंजूर करणाऱ्याने दोन सेंटीमीटरचा विचार केला नाही.

साहेब, या देशात बांधायला पैसा आहे, चालवायला नाही. उद्घाटनाला फीत मिळते, फिल्टरच्या वाळूला मंजुरी मिळत नाही. ऑपरेटर सर्वांत कमी दराच्या ठेक्यावर येतो, त्याला क्लोरीन मोजायला कुणी शिकवत नाही, आणि पाणी बिघडलं की त्यालाच काढतात. नारणपुऱ्याच्या संकुलावर सव्वाआठशे कोटी गेले. त्याबद्दल तक्रार नाही. पण कोल्हापूरचा वीरधवल खाडे २०१० मध्ये आशियाई खेळांत पदक घेऊन आला, तेव्हा जलतरणातल्या आशियाई पदकासाठी देशाने २४ वर्षं वाट पाहिली होती. असे पोहणारे जिल्ह्याच्या तलावातून यायचे, आणि तोच बंद असेल तर ते येणार कुठून?

२०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धाही अहमदाबादलाच आहेत. तेव्हा जे वीस वर्षांचे असतील ते आज सोळाचे आहेत आणि बंद फाटकावरून घरी परत जात आहेत. तलावासाठी केंद्राचा निधी देताना पाच वर्षांच्या चालवण्याचा खर्च त्यातच बांधा. प्रशिक्षित ऑपरेटर सक्तीचा करा. क्लोरीन आणि पीएचचे आकडे दिवसातून तीनदा फाटकावरच्या फळ्यावर लिहायला लावा. आणि १.३५ मीटरपेक्षा कमी पाण्यावरचे ब्लॉक याच महिन्यात उखडायचा आदेश काढा, त्याला निधीही लागत नाही.

आपले,
तलावावरचे प्रशिक्षक आणि प्लांट ऑपरेटर