मेगावॉट छापता, युनिटही छापा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

इंदूरसाठी नर्मदेचं पाणी जिथून उपसतात, त्या जलूदच्या सौर प्रकल्पाच्या बातम्यांची कात्रणं मी जपून ठेवते. बहुतेकांत एक वाक्य ठरलेलं असतं: ‘६० मेगावॉट वीज तयार होणार.’ तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, आणि या एका शब्दापाशी मुलं हमखास अडखळायची. आता मोठी माणसंही तिथेच अडखळताना दिसतात, म्हणून लिहिते आहे.

मेगावॉट (हजार किलोवॉट) म्हणजे नळाची धार आणि युनिट (एक किलोवॉट तासभर) म्हणजे भरलेली बादली. धार केवढी जाड आहे ते सांगितलं, पण नळ किती वेळ चालला ते सांगितलं नाही, तर बादल्या किती भरल्या हे कसं कळणार? ६० मेगावॉट ही निरभ्र दुपारच्या भर उन्हातली धार. ती चोवीस तास तशीच राहिली असती तर दिवसाला १४ लाख ४० हजार युनिट मिळाले असते. पण रात्र आहे, तिरपं ऊन आहे, पावसाळ्यातले ढग आहेत, शिवाय पॅनेल तापलं की वीज थोडी घटते. वर्षाची सरासरी काढली तर आपल्याकडे एका किलोवॉटमागे रोज चारेक युनिट हाती लागतात, म्हणजे ६० मेगावॉटमागे अडीच लाखांच्या आसपास. प्रकल्पाला मी नावं ठेवत नाही. त्यासाठी महापालिकेने २०२३ साली २४४ कोटींचे हरित रोखे (पर्यावरणपूरक कामासाठीचे कर्जरोखे) काढले, याचा मला इंदूरकर म्हणून अभिमान वाटतो. पण खंडवा जिल्ह्यातल्या सिंगाजी औष्णिक केंद्राचे २५२० मेगावॉट कोळसा असेल तर रात्रीही चालू शकतात. दोन्हीकडचे मेगावॉट शेजारी छापले की वाचणारा सरळ भागाकार करून मोकळा होतो आणि उत्तर चुकतं.

आता आमच्या इमारतीतली गोष्ट. गेल्या गणेशोत्सवात आठवीतल्या एका मुलाने मॉडेल मांडलं होतं. छोटा पंप पाणी वर चढवतो, ते पाणी चाकावर पडतं, चाकाला डायनॅमो जोडलेला, त्यावर दिवा लागतो. डायनॅमोची एक तार त्याने परत पंपाला जोडली होती आणि खाली लिहिलं होतं, ‘एकदा सुरू केलं की कायम चालणार.’ बक्षीस मिळालं. मुलाचे हात चांगले आहेत, सोल्डरिंग तर नेटकं होतं. वाईट याचं वाटलं की परीक्षकांपैकी कुणीही त्या तारेबद्दल विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला घरी बोलावलं आणि वही घेऊन बसलो. गच्चीवरची टाकी हजार लिटरची, जमिनीपासून दहा मीटर उंच. ती पूर्ण रिकामी केली तर पाण्याकडून जास्तीत जास्त ९८ हजार ज्यूल मिळतात. ९ वॉटचा एलईडी त्यावर तीन तास लागेल. ती टाकी भरायला खालची एक हॉर्सपॉवरची मोटर वीस मिनिटं चालते आणि पाव युनिट तरी खाते. तेच पाव युनिट सरळ दिव्याला दिलं तर तो सत्तावीस तास जळतो. मुलगा बराच वेळ आकड्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, “आजी, बाकीचे चोवीस तास गेले कुठे?” मी त्याला खाली नेऊन मोटरवर हात ठेवायला सांगितलं. ती चांगलीच तापली होती. उरलेलं पाइपच्या घर्षणात आणि पाण्याच्या खळखळाटात गेलं. ऊर्जा नाहीशी झाली नव्हती, फक्त आपल्या उपयोगाची राहिली नव्हती.

मग त्यानेच विचारलं, “आणि नर्मदा?” सत्तर किलोमीटरवरून येणारं पाणी. जलूदपेक्षा इंदूर चारशे मीटरच्या आसपास उंच, आणि मधला घाटमाथा इंदुराहूनही वर. चारशेच धरले तरी हजार लिटरला जवळजवळ १.१ युनिट लागतात, आणि पंपाची व पाइपची तूट धरली तर दीड. हे दीड युनिट जलविद्युतमधून काढायचे म्हटले तर पुनाशाला इंदिरा सागर धरणात पाणी साधारण साठ मीटर खाली येतं, म्हणजे हजार लिटरमागे ०.१५ युनिट. आपल्या गच्चीवरची एक टाकी भरण्यासाठी तिथे दहा टाक्या पाणी टर्बाइनमधून पडावं लागतं. कोळशातून काढायचे तर किलोभर कोळसा जातो, आणि त्यातल्या उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा वीज होतो. बाकीची उष्णता चिमणीतून आणि कूलिंग टॉवरमधून हवेत जाते. त्यात कुणाचा हलगर्जीपणा नाही. उष्णतेतून काम काढताना काही उष्णता थंड बाजूला सोडावीच लागते, हे फ्रेंच अभियंता कार्नोने १८२४ मध्येच दाखवून दिलं होतं.

म्हणून एक दिवसाआड नळ आला की टाक्या भरून वाहताना दिसतात, गल्लीत ओहोळ लागतात, तेव्हा मला फार त्रास होतो. लोक म्हणतात, नर्मदेला काय तोटा! तोटा नर्मदेत नाही, तो घाटात आहे. टाकीला बॉलकॉक (टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारा तरंगता नळ) बसवायला फार खर्च येत नाही. आमच्या इमारतीत आम्ही या दिवाळीपूर्वी सगळ्या टाक्यांना बसवून घेतले.

आपल्याला विनंती एवढीच: कुठल्याही वीज प्रकल्पाची बातमी देताना मेगावॉटच्या शेजारी वर्षाकाठी अपेक्षित युनिट छापावेत, आणि प्रकल्प सुरू झाला की दर महिन्याला प्रत्यक्ष किती युनिट मिळाले तेही. त्या मुलाने आता मॉडेलची ती तार काढली आहे आणि तिथे वीज मोजायचं मीटर लावलं आहे. त्याला लिहायला आकडे हवे आहेत.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका
लोकमान्य नगर, इंदूर