पावसाळ्यातल्या पहिल्या सफरीआधी

चि. ताईस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे जहाज जुलैत न्हावा-शेव्याहून एडनच्या आखाताकडे निघणार हे कळले, म्हणून पत्र लगेच लिहीत आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे या सुमारास ऐन भरात असतात आणि सोकोत्रा बेटाकडे जाताना समुद्र दिवसचे दिवस खवळलेला राहतो.

अशा समुद्रात जिना नेहमी पायऱ्यांकडे तोंड करून उतर आणि एक हात कठड्यासाठी मोकळा ठेव. हत्यारे खांद्यावरच्या पिशवीत घे. लोखंडी दार हुकात अडकवलेले तरी असावे, नाहीतर पक्के बंद तरी. जहाज लोळत, म्हणजे डावी-उजवीकडे झुलत, असताना चौकटीवर बोटे ठेवलीस तर ते दार बोटे चिरडल्याशिवाय राहणार नाही. झोपताना गादीच्या बाहेरच्या कडेखाली लाइफजॅकेट सरकव, म्हणजे अंग भिंतीशी टेकून स्थिर राहील. झोप न झालेल्या माणसाचा तोल लवकर जातो, म्हणून ही गोष्ट क्षुल्लक समजू नकोस.

खरी काळजी मला उघड्या डेकची वाटते. नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाला, काहीतरी सुटल्याचा आवाज आला की तरुण माणूस धावतो, आणि डेकवर चढलेले पाणी गुडघ्याएवढे असले तरी त्याला उचलून दोर ओढायच्या विंचवर आपटते. सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, असताना मी माझ्या खलाशांना जहाज चालवणाऱ्या ब्रिजच्या परवानगीशिवाय पुढे जाऊ देत नसे. कप्तानाने वेग कमी करून, गरज पडल्यास दिशा बदलून डेक कोरडा केला, धरून चालायची दोरी, लाइफलाइन, बांधलेली आहे, सोबत दुसरा माणूस आहे आणि वॉकीटॉकी चालते आहे, एवढे झाल्यावरच जायचे. यातले काही राहिले असेल तर वरिष्ठांना तसे स्पष्ट सांग. त्यात भित्रेपणा नाही.

लाटा समोरून येत आहेत म्हणून कंटेनर जहाजावर निर्धास्त राहू नकोस. दोन लाटा जहाजाला भेटण्यातला काळ जहाजाच्या लोळण्याच्या काळाच्या सुमारे निम्मा झाला, की लोळणे काही झोक्यांतच भयंकर वाढू शकते. ऑक्टोबर १९९८ मध्ये उत्तर पॅसिफिकमध्ये ‘एपीएल चायना’ हे कंटेनर जहाज असेच ३५ ते ४० अंशांपर्यंत कलले आणि शेकडो कंटेनर समुद्रात गेले. त्या वेळी हाताशी धरायला काही नसेल, तर माणूस थेट समोरच्या भिंतीवर जाऊन आदळतो.

म्हणून जहाजावर पोहोचल्याच्या दिवशीच केबिनपासून ब्रिजपर्यंत चालून आधार कुठे कुठे आहे ते पाहून ठेव, आणि कुठे कठडा ढिला आढळला तर चीफ ऑफिसरांच्या कानावर घाल. तळ झिजलेले बूट मात्र निघण्यापूर्वी इथेच बदलून घे.

तुझे,
बाबा